अंतर एकच, वेळ रोज वेगळी

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर. या मार्गावर नेहमी दिसणारं एअरबस ए-३२० जातीचं विमान एकदा वर पोहोचलं, की ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातं. शाळकरी पोरालाही भागाकार जमेल : एक तास बावीस मिनिटं. आता तिकीट बघा. त्यावर दोन तास दहा मिनिटं छापलेली असतात, कधी दोन तास वीसही. मधला पाऊण तास गेला कुठे?

हा पाऊण तास शोधणं हीच माझी नोकरी होती. मी फ्लाइट डिस्पॅचर होते. लोकांना वैमानिक माहीत असतो, हवाई सुंदरी माहीत असते, आम्ही कुणाला दिसत नाही. आम्ही सहारच्या एका खोलीत चार-चार पडदे समोर ठेवून बसायचो. विमान कुठल्या वाटेने जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, किती वाजता पोहोचेल, याचा कागद तयार करून कॅप्टनपुढे ठेवायचा. त्याला फ्लाइट प्लॅन म्हणतात. दोघांना पटला की सही होते आणि मग विमान निघतं. आता निवृत्त आहे, पण पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी मुलाकडे अमेरिकेला निघालं, की जिन्यात गाठून विचारतात, "ताई, किती तास लागतात हो?" मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात? जाताना की येताना?" त्यांना वाटतं, बाई साधं उत्तर देत नाहीत. पण खरं उत्तर इथूनच सुरू होतं.

दोरा आणि पृथ्वीगोल

आधी अंतराचं बघू, कारण ते त्यातल्या त्यात सरळ आहे. एकाच मुंबई-दिल्लीसाठी तुम्हाला कुठे ६१५, कुठे ७०८ आणि कुठे ११४० असे आकडे दिसतील. तिन्ही बरोबर आहेत. पहिले नॉटिकल मैल, दुसरे आपले रस्त्यावरचे मैल, तिसरे किलोमीटर. विमानं आणि जहाजं नॉटिकल मैलात चालतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. नकाशावर बोट ठेवून अंतर मोजायला हे माप सोयीचं, म्हणून ते टिकलं.

हे अंतर मोजतात ते पृथ्वीच्या गोलाव्यावरून. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. भिंतीवरच्या नकाशावरून वाटतं, की विमान अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक ओलांडून जात असेल. दोरा मात्र सरळ उत्तरेकडे चढतो. कझाकस्तान ओलांडून सेंट पीटर्सबर्गजवळून, मग नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि तिथून खाली न्यूयॉर्क. भूगोलात याला बृहद्‌वृत्त म्हणतात. या वाटेने अंतर भरतं साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने गेलात, तर तेच चौदा हजारांच्या पुढे जातं. समोरच्या सीटच्या पडद्यावर विमान ध्रुवाच्या दिशेने निघालेलं बघून घाबरणारे आजोबा मला भेटले आहेत. वैमानिक वाट चुकलेला नसतो, तो जवळची वाट धरून चाललेला असतो.

अर्थात दोऱ्याची रेषा ही आदर्श रेषा. तिच्यावरून तंतोतंत कुठलंच विमान जात नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून वर्षातले बरेच दिवस उड्डाण पश्चिमेकडे होतं, कारण वारा समुद्रावरून येतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडायचं असतं. म्हणजे दिल्लीला निघालेलं विमान आधी जुहूच्या चौपाटीवरून अरबी समुद्रात घुसतं आणि मग वळतं. दिल्लीच्या धावपट्ट्याही साधारण पूर्व-पश्चिम आहेत, त्यामुळे दक्षिणेकडून आलेल्या विमानाला तिथेही वळसा घेऊन रांगेत लागावं लागतं. मधल्या वाटेवर पाच-पाच अक्षरी नावांचे ठरावीक बिंदू असतात आणि विमान एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातं. कुठे हवाई दलाचा सराव चालू असतो, कुठे जूनमधला काळाकुट्ट ढग उभा असतो. तो भाग टाळून जायचं. ते ११४० किलोमीटर असे वाढत जातात, आणि किती वाढले ते त्या दिवशीच कळतं.

वारा कुणाच्या बाजूने

आता खरा खेळ. विमानाचा वेग आम्ही सांगतो तो हवेच्या तुलनेतला. खाली जमीन किती वेगाने मागे पडते, ती गोष्ट निराळी, कारण ती हवा स्वतःच वाहत असते. नदीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवेचे असे प्रवाह आहेत, की ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग ही त्यांची रोजची चाल. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. पण त्यांनी आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला आणि बाहेर फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तो वारा समोरून भिडला, तेव्हा जगाला त्याची जाणीव झाली.

आपल्याकडे हिवाळ्यात हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावर येऊन बसतो. दिल्ली-गुवाहाटी घ्या, अंतर सुमारे १४६० किलोमीटर. वारा शून्य असेल तर ८३० च्या वेगाने एक तास पंचेचाळीस मिनिटं. जानेवारीत ताशी दीडशेचा वारा पाठीशी असला, तर गुवाहाटीला दीड तासात. तोच वारा येताना समोरून, म्हणजे दोन तास नऊ मिनिटं. अंतर तेच, विमान तेच, फरक चाळीस मिनिटांचा.

यात एक गंमत आहे. लोक म्हणतात, जाताना वाचलं ते येताना गेलं, हिशेब फिटला. फिटत नाही. वारा नसताना जाऊन-येऊन साडेतीन तास, वारा असताना तीन तास अडतीस मिनिटं. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि पाठीवरच्या वाऱ्यात कमी वेळ राहतं. वारा जे देतो, त्याहून थोडं जास्तच परत घेतो. नव्या मुलांना शिकवताना मी हे गणित पहिल्याच दिवशी फळ्यावर सोडवून घ्यायचे, कारण इंधनाचा सगळा विचार यावर उभा आहे.

पावसाळ्यात चित्र बदलतं. जूनमध्ये तो पश्चिमी प्रवाह तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह उभा राहतो. हा पूर्वीय जेट प्रवाह आपल्याच हवामान खात्यातले शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात जगासमोर मांडला. तो नेमाने वाहू लागला, की मोसमी पावसाचं यंत्र बसलं असं हवामानवाले मानतात. आम्हाला त्याचा अर्थ एवढाच, की जानेवारीत पूर्वेकडे जाताना मिळणारी मदत जुलैत मिळणार नाही. कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं काढतात, त्यामागे वाऱ्याचाही हात असतो.

इथे एक जुना गैरसमज मोडायला हवा. पुष्कळांना वाटतं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे गाव आपणहून सरकत येत असेल. मग अमेरिकेला जाताना कमी वेळ लागायला हवा होता. होतं नेमकं उलट. पृथ्वी फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते. तसं नसतं, तर जुहूच्या हेलिकॉप्टरने नुसतं वर जाऊन तासभर थांबावं आणि खाली उतरावं ते ओमानच्या किनाऱ्यावर! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना बहुधा त्याहून तास-दीड तास कमी, हा फरक वाऱ्याचा.

वारा किती मोठा धनी आहे, त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशा उलटी केली : पूर्वेकडे निघून पॅसिफिकवरून. ही वाट १५३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. पण सारा रस्ता वारा पाठीशी. पोहोचायला लागले साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. त्या दिवशी आमच्या धंद्यातल्या माणसांच्या फोनवर दुसरा विषय नव्हता. लांबची वाट जवळची ठरली होती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्याबरोबर त्या कॉकपिटमध्ये आपल्या आकांक्षा सोनावरेही होत्या. दोन्ही उड्डाणं अमेरिकेच्या एकाच शहराची, पण वाटा वेगवेगळ्या. ज्या दिवशी जो प्रवाह आणि जी सोय, ती वाट.

आकाशातल्या कुंपणांचं काय

वारा निदान कुणाचा पक्ष घेत नाही. देश घेतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण उघडली जुलैमध्ये. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली आणि आपणही त्यांच्या विमानांना आपली बंद केली. मुंबईला समुद्र जवळ, त्यामुळे आपला वळसा तसा लहान. दिल्लीचं विमान मात्र युरोपला निघालं तरी आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे येतं, अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला जातं आणि मग वर वळतं.

याने काय होतं ते ताश्कंदवरून समजतं. दिल्लीहून ताश्कंद सुमारे १५८० किलोमीटर. दिल्लीहून चेन्नई १७६०. म्हणजे उझबेकिस्तानची राजधानी दिल्लीला चेन्नईपेक्षा जवळ! तरीही एप्रिल २०२५ मध्ये इंडिगोला दिल्ली-ताश्कंद आणि दिल्ली-अलमाटी ही उड्डाणं थांबवावी लागली. बंद हद्दीला वळसा घालून तिथे पोहोचणं त्यांच्या त्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेलं. उझबेकिस्तानच्या विमानांना ती बंदी नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी तेच अंतर जुनंच राहिलं. त्याच दोन विमानतळांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचा नोंदणी क्रमांक आहे, त्यावर ठरतं. युक्रेनच्या युद्धानंतर रशियाचं आकाश अमेरिकी विमानांना बंद झालं, एअर इंडियाला ते उघडं राहिलं. मार्च २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपली नेवार्क-मुंबई सेवा थांबवली, त्यामागे हेच कारण होतं.

वळसा म्हणजे नुसते तास नाहीत, इंधन आहे. ए-३२० ताशी अडीच टनांच्या आसपास पितं, मोठी विमानं त्याच्या दुप्पट आणि वर. शिवाय फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासापुरतंच इंधन घालून चालत नाही. धावपट्टीपर्यंत जायचं वेगळं, अंदाज चुकला तर म्हणून वर थोडं राखीव, दिल्लीत धुकं असेल तर जयपूर किंवा लखनौला जाण्यापुरतं, आणि तिथे पोहोचूनही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं. जास्तीचं इंधन उचलायलाही इंधन लागतं. वाट फार लांबली, की एक तर माणसं आणि सामान कमी घ्या, नाहीतर मध्ये उतरून इंधन भरा. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नासारख्या शहरात थांबत गेली, ती यासाठी.

जमिनीवरची मिनिटं

परत दिल्लीच्या हरवलेल्या पाऊण तासाकडे. तिकिटावरची वेळ ही उडाल्यापासून उतरेपर्यंतची नसते. विमान जागेवरून हललं, म्हणजे चाकांखालच्या अडणी काढल्या, तिथपासून दुसरीकडे अडणी पुन्हा लावेपर्यंतची ती वेळ. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात पुशबॅक आला, धावपट्टीपर्यंतची संथ चाल आली, रांग आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. बहुतेक वेळ सगळा भार एकीवरच. तुम्ही खिडकीतून पुढची पाच-सहा विमानं मोजत बसता, तेव्हा तिकिटावरची मिनिटंच जळत असतात. उलट येताना वसई-पालघरच्या बाजूला आकाशात गोल फिरवत ठेवलं, तर तीही त्यातच.

मग चढणं आणि उतरणं. ८३० चा वेग वर पोहोचल्यावरचा. चढताना तो कमी, आणि जमिनीपासून दहा हजार फुटांच्या आत ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासची मर्यादा पाळायची. दिल्लीच्या प्रवासात अर्ध्याच्या जवळपास वेळ या चढ-उतारातच जातो. हवेतला खरा काळ होतो एक तास चाळीसच्या आसपास. उरलेला अर्धा तास जमिनीचा, आणि थोडा कंपनीच्या धोरणाचा.

धोरण म्हणजे काय ते स्पष्ट सांगते. पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलं तर विमान वेळेवर, असं हिशेबात धरतात आणि ते आकडे दर महिन्याला छापले जातात. म्हणून वेळापत्रक करणारे हात थोडे सैल ठेवतात. उशिरा निघूनही "आपण वेळेआधी पोहोचलो" अशी घोषणा तुम्ही ऐकली असेल आणि टाळ्याही वाजल्या असतील. वैमानिकाने कुठे गिअर टाकलेला नसतो. विमान थोडं पळवून मुंबई-दिल्लीत फार तर दोन-तीन मिनिटं वाचतात आणि इंधन मात्र भरपूर जळतं. ती वेळ आधीच वेळापत्रकात पेरून ठेवलेली असते. मला यात फसवणूक वाटत नाही. ज्याला पुढचं विमान पकडायचं आहे, त्याला घाईच्या आश्वासनापेक्षा सैल पण खरी वेळ जास्त कामाची.

वेगाचीच आणखी एक गोष्ट. १९४८ च्या जूनमध्ये 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचं पंख्याचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा असं थांबत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट आलं आणि तास धडाधड कमी झाले. त्यानंतर आजपर्यंत प्रवासी विमानाचा वेग जवळपास तिथेच आहे. मधले थांबे गेले, इंधन कमी लागू लागलं, तिकीट आवाक्यात आलं, पण हवेतला वेग वाढला नाही. म्हणून आजही मुंबई-लंडनच्या ७२०० किलोमीटरला जाताना नऊ-दहा तास लागतातच.

तिकीट कसं वाचायचं

सोसायटीतल्या मंडळींना मी तीन गोष्टी सांगते. पहिली : तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून रात्री एकला निघून न्यूयॉर्कला सकाळी सातला पोहोचलात, तर सहा तास झाले नाहीत. आपण त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. तो फरक मिळवा, म्हणजे साडेपंधरा किंवा साडेसोळा होतात. गोळ्या-औषधांच्या वेळा ठरवताना हा एकूण आकडाच धरायचा.

दुसरी : मध्ये विमान बदलायचं असेल, तर महिना आणि दिशा बघून मधला वेळ ठेवा. जानेवारीत दिल्लीहून पुढे जायचं असेल, तर तासाभराच्या फरकाचं दुसरं विमान घेऊ नका. तिथल्या धुक्यापुढे माझ्यासारख्या डिस्पॅचरच्या कुठल्याही कागदाचं चालत नाही. आणायला जाणाऱ्यांनी वेळापत्रक सोडून विमान कधी उडालं ते फोनवर पाहावं. एकदा ते हवेत गेलं, की उतरण्याची वेळ बरीचशी भरवशाची असते.

तिसरी, आणि पुष्कळदा विसरली जाणारी : विमानतळ ते विमानतळ हा प्रवासाचा फक्त मधला तुकडा आहे. मुंबईहून गोव्यातला दाबोळी विमानतळ सव्वाचारशे किलोमीटर, तिथलाच नवा मोपा चाळीसेक किलोमीटर जवळ. २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यावर आमच्या शेजारच्या काकूंनी जवळचा म्हणून मोपाच पकडला, पण त्यांचं माहेर मडगावला. आकाशात वाचलेली मिनिटं टॅक्सीत दुपटीने फिटली. त्याच इमारतीतल्या सावंतवाडीच्या सामंतांना मात्र मोपाने दिवस वाचवून दिला. दोघांनीही मला तोच प्रश्न विचारला होता, किती तास लागतात. काकूंना मी सांगितलं, पुढच्या वेळी आधी घराचा पत्ता सांगा, मग विमानतळ सांगते.